थायलंडमध्ये नोकरी: तिथले रोजचे जीवन, पोलीस आणि कायदा यांचा खरा अनुभव काय?

प्रश्न: खानापूरकर (बेळगाव)

सर्वांना नमस्कार. मी मूळचा खानापूर तालुक्यातला असून बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीत गुणवत्ता विभागात काम करतो. वाहनांचे ओतीव भाग बनवणाऱ्या एका कंपनीने मला थायलंडमधील रायोंग प्रांतातल्या तिच्या कारखान्यात येण्याविषयी विचारले आहे. पगार, घरभाडे आणि वर्षातून एकदा गावी येण्याजाण्याचा खर्च यांबाबत माझे समाधान झाले असल्याने त्याबद्दल इथे विचारत नाही. माझी शंका आहे ती तिथल्या रोजच्या राहण्याबद्दल आणि विशेषतः पोलीस व कायदा यांच्याशी येणाऱ्या संबंधाबद्दल.

तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांचे लिखाण वाचत गेलो तसतसा गोंधळ वाढतच गेला. चिआंग माईला स्थायिक झालेले एक निवृत्त युरोपीय गृहस्थ लिहितात की इतक्या वर्षांत पोलिसांनी आपल्याला कधी हटकलेही नाही. पट्टायातले दुसरे लिहितात की परदेशी चेहरा दिसला की नाक्यावर चिरीमिरी द्यावीच लागते. कोणी म्हणतो की तिथे कायदा कोणी पाळतच नाही, तर कोणी समाजमाध्यमावरच्या चार ओळींसाठी तुरुंगात गेलेल्यांची उदाहरणे देतो. ही सगळी विधाने एकाच देशाबद्दल आहेत यावर विश्वास बसत नाही.

आपल्या सीमाभागातल्या माणसाला दुसऱ्या भाषेतल्या कारभाराची सवय असते. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, बसच्या पाटीवरचे आकडे कन्नडमध्ये, ठाण्यात लिहून घेतलेली फिर्यादही कन्नडमध्ये. केए-२२ ची गाडी कोल्हापुरात आणि एमएच-०९ ची गाडी बेळगावात थोडी जास्तच थांबवली जाते, हेही आपण गृहीत धरलेले असते. परंतु कन्नड निदान कानावरून समजते आणि ठाण्यात ओळखीचा कोणीतरी निघतो. थाई भाषेबाबत तसा काहीच आधार नाही. सोबत पत्नी आणि लहान मुलगा येणार आहेत, आणि परक्या देशात पोलिसांशी गाठ पडली तर इथून धावून कोण येणार, हा वडिलांचा प्रश्न मला टाळता येत नाही. प्रत्यक्ष तिथे राहिलेल्यांनी, किंवा कायद्याची माहिती असलेल्यांनी, कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर: निपाणीकर (रायोंग)

नमस्कार खानापूरकर. आपण ज्यांचे लिखाण वाचले ते आणि आपण यांच्यात मोठा फरक आहे, तो आधी सांगतो. चोनबुरी, रायोंग आणि चाचेंगसाओ या तीन प्रांतांचा मिळून पूर्व आर्थिक पट्टा २०१८ च्या कायद्याने आखला गेला, पण वाहन उद्योग इथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि लाम चाबांग बंदर त्याच्या दाराशी आहे. इथला परदेशी माणूस म्हणजे बहुतांशी जपानी, चिनी किंवा भारतीय तंत्रज्ञ असतो आणि त्याचा दिवस कारखान्यात जातो. पट्टाया इथून जवळ असले तरी तिथल्या निवृत्त मंडळींचा दिवस भाड्याची मोटरसायकल, बार आणि व्हिसाची मुदतवाढ यांभोवती फिरतो, त्यामुळे त्यांची गाऱ्हाणीही तिथलीच असतात.

तरीही ती विधाने परस्परविरोधी वाटतात त्याचे कारण माझ्या मते एवढेच आहे की या देशात रस्त्यावरचा कायदा सैल आणि कागदावरचा कायदा घट्ट आहे, आणि प्रत्येक जण आपल्याला जो भेटला त्याविषयी लिहितो.

रस्त्याचे पाहा. शाळेच्या गणवेशातली तीन मुले हेल्मेटशिवाय एका स्कूटरवर बसून उलट्या दिशेने येतात आणि चौकीसमोरून जातात, तरी कोणी मान वर करत नाही. विनाहेल्मेट दंडाची मर्यादा २,००० बाट आहे, ९ जानेवारी २०२३ पासून प्रत्येक परवानाधारकाच्या नावे १२ गुण ठेवून चुकीमागे ते कापण्याची पद्धत सुरू झालेली आहे, आणि तरीही चित्र हे असे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात इथले रस्ते अपघातातील मृत्यूंचे प्रमाण लाखामागे ३२.७ दिले होते, म्हणजे आपल्या पुणे-बंगळूर महामार्गाला नावे ठेवणाऱ्यांनी इथे जपूनच गाडी चालवावी. मग एखाद्या सकाळी त्याच चौकात नाकाबंदी लागते. मोठी छत्री, तिच्याखाली घडीचे टेबल, पावतीपुस्तक, आणि अंगाला घट्ट बसणाऱ्या तपकिरी गणवेशातले चार-पाच शिपाई. त्या दिवशी मात्र कोणालाही सोडत नाहीत. शिपाई आधी हात जोडून नमस्कार करतो, मग परवाना मागतो आणि हसतमुखाने दंड सांगतो. त्या वेळी ‘पावती नको असेल तर थोडे कमी’ असा सूर निघाला, तर आपण पावती मागावी. पावती मागितल्याने कोणी रागावल्याचे मी पाहिलेले नाही. आवाज चढवल्याने मात्र काम बिघडताना पाहिले आहे.

हा सूर निघतो हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२३ च्या जानेवारीत तैवानच्या एका अभिनेत्रीने बँकॉकच्या नाकाबंदीत आपल्याकडून २७,००० बाट उकळल्याचे जाहीर केले. पोलिसांनी आधी कानावर हात ठेवले आणि नंतर पैसे घेतल्याचे मान्य करावे लागले. त्या प्रकरणात निमित्त ई-सिगारेटचे होते. ई-सिगारेटच्या आयातीवर इथे २०१४ पासून बंदी असून ती बाजारात उघड दिसते म्हणून चालते असे समजणारे परदेशी लोक हमखास अडकतात. जे सर्रास दिसते ते कायदेशीर असतेच असे नाही, हे इथे पहिल्याच महिन्यात समजून घ्यावे.

आता कागदाकडे येतो, कारण तुमचा खरा संबंध तिथेच येणार आहे. परदेशी माणूस घरात राहायला आला की घरमालकाने २४ तासांच्या आत इमिग्रेशनला टीएम-३० नमुन्यात कळवायचे असते. सलग ९० दिवस देशात राहिले की आपण स्वतः पत्ता कळवायचा असतो आणि पुढे दर ९० दिवसांनी तेच पुन्हा करायचे असते. ही दोन्ही कलमे १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यातली आहेत. व्हिसाची मुदत उलटली तर दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,००० बाट दंड होतो. पण रस्त्यात तपासणीत सापडलात आणि मुदत उलटून वर्ष झालेले नसले तरी पाच वर्षे देशात पाऊल ठेवता येत नाही, वर्ष उलटले असेल तर दहा वर्षे. इथे हसून, हात जोडून किंवा ओळख सांगून काही होत नाही. टेबलापलीकडचा अधिकारी तितकाच हसतमुख असतो आणि शिक्का मात्र नियमानेच मारतो.

वर्क परमिटचेही तसेच. त्यावर मालकाचे नाव आणि कामाचे स्वरूप लिहिलेले असते. परवान्याविना काम करणाऱ्याला ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि देशाबाहेर पाठवणी, असे सध्याच्या कायद्यात आहे. साधारण नियम असा की एका परदेशी कर्मचाऱ्यामागे कंपनीकडे चार थाई कर्मचारी आणि वीस लाख बाट भांडवल असावे. थाई सरकारच्या गुंतवणूक मंडळाची मान्यता असलेल्या कंपन्यांना यातून सवलत मिळते आणि त्यांची व्हिसा-परमिटची कामे एकाच छताखाली होतात. तुमची कंपनी त्या मंडळाच्या यादीत आहे की नाही हे आत्ताच विचारून घ्या. आणखी एक गोष्ट: नोकरी संपली की त्या नोकरीवर मिळालेला मुक्कामाचा अधिकारही संपतो. राजीनाम्याचे पत्र देण्यापूर्वी पुढची सोय करून ठेवणे हा इथल्या प्रत्येक भारतीयाचा अलिखित नियम आहे.

अपघाताबद्दल लिहितो, कारण वडिलांची खरी काळजी तीच असणार. आमच्याच विभागातल्या एका सहकाऱ्याच्या गाडीला उलट्या दिशेने आलेल्या मोटरसायकलवरचा मुलगा धडकला. पोलिसांच्याही आधी विम्याचा माणूस स्कूटरवरून आला, त्याने खडूने चाकांच्या जागा आखल्या, छायाचित्रे काढली आणि मगच गाड्या बाजूला घेतल्या. जखमी मुलाला उचलून नेणारे होते ते स्वयंसेवी संस्थेचे लोक. इथे बऱ्याच ठिकाणी हे काम धर्मादाय संस्थाच करतात आणि बँकॉकमधली पोह तेक तुंग ही त्यांतली सर्वांत जुनी व नावाजलेली. नंतर ठाण्यात सगळे एका टेबलाभोवती बसले: मुलाची मावशी, विम्याचा माणूस, आमच्या कंपनीची थाई भाषा जाणणारी कर्मचारी आणि ठाणे अंमलदार. चूक मुलाची होती हे सर्वांनाच मान्य होते. तरीही अंमलदाराने सुचवले की दवाखान्याचा वरचा थोडा खर्च मोठ्या गाडीवाल्याने दिला तर प्रकरण इथेच मिटेल. सहकारी तावातावाने बोलू लागला तेव्हा अंमलदार उठून शांतपणे चहा ओतायला गेला आणि तो शांत होईपर्यंत परत आलाच नाही. शेवटी तडजोड झाली, कागदावर सह्या झाल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळे घरी गेले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे नुसते म्हणतात. इथे ठाणे त्याच समजुतीवर चालते. ‘परदेशी म्हणून मला लुटले’ असे युरोपीय लोक लिहितात त्यातले बरेचसे प्रसंग या धर्तीचे असतात. मला त्यात लूट दिसली नाही, पण न्याय झाला असेही म्हणवत नाही.


उत्तर: शहापूरची लेक (श्रीराचा)

निपाणीकर दादांनी कारखान्याची आणि रस्त्याची बाजू लिहिली, म्हणून मी घराकडची लिहिते. मी बेळगावच्या शहापूरची. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही श्रीराचाला राहतो.

आपल्या पत्नीला जो अवलंबितांचा व्हिसा मिळेल त्यावर तिला काम करता येणार नाही, आणि ‘काम’ या शब्दात इथे पगारी नोकरीपेक्षा बरेच काही मोडते. घरी मुलांच्या शिकवण्या घेणे, दिवाळीचा फराळ करून विकणे, ओळखीच्या बायकांना मेंदी काढून देऊन पैसे घेणे, हे सगळे परवान्याशिवाय करू नये. शिवाय केशकर्तन, फेरीचा धंदा आणि पर्यटकांना स्थळे दाखवण्याचे काम हे व्यवसाय थाई नागरिकांसाठीच राखून ठेवलेले आहेत. भारतातून आलेल्या नातेवाइकांना फिरवून आणणे वेगळे, आणि ‘टूर’ म्हणून पैसे घेऊन फिरवणे वेगळे. पहिल्या वर्षी घरात बसून कंटाळलेल्या बायका याच ठिकाणी नकळत नियम मोडतात.

दुसरी गोष्ट वाचून हसू येईल, पण ती खरी आहे. गणपतीच्या दिवसांत रात्र जागवायला आपल्याकडे पत्ते निघतातच. इथे १९३५ च्या पत्त्यांच्या कायद्यानुसार १२० हून अधिक पत्ते परवान्याशिवाय जवळ बाळगता येत नाहीत. २०१६ च्या फेब्रुवारीत पट्टायात ब्रिज खेळणाऱ्या ३२ परदेशी लोकांना, त्यांतले बहुतेक वयस्कर, पोलिसांनी याच कारणावरून ठाण्यात नेले होते; पैशाचा जुगार तिथे चालला नव्हता. रमीचे दोन जोड जोकरांसह १०८ होतात. तिसरा जोड बॅगेत घालू नका.

एरवी रोजचे राहणे सुखाचे आहे. शेजारीण दाराला फळांची पिशवी अडकवून जाते आणि कोणी चारचौघांत आवाज चढवत नाही. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता स्थानकावर, बाजारात राष्ट्रगीत लागते तेव्हा सगळे जागच्या जागी उभे राहतात, तेव्हा आपणही उभे राहावे. राजाचे चित्र असलेली नोट किंवा नाणे पडले तर ते पायाने अडवू नये, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. शाकाहारी असाल तर त्रास होईल, कारण भाजीतही माशाचा रस्सा असतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरे असलेली दुकाने शोधावीत, तिथे कांदा-लसूणही नसतो. मन रमवायला देव आहेतच: चाचेंगसाओला गणपतीची ३९ मीटर उंचीची उभी कांस्यमूर्ती आहे, आणि तिच्यासमोर हात जोडणारे बहुतेक थाईच असतात.

पोलिसांचे म्हणाल तर आमच्या वसाहतीच्या फाटकाशी एक छोटी लाल पेटी बसवलेली आहे. गस्तीचा शिपाई मोटरसायकलवरून येतो, पेटी उघडतो, आतल्या वहीत वेळ लिहून सही करतो आणि जातो. सोन्याच्या दुकानांतही अशीच पेटी दिसते. तो खरोखर गस्त घालतो की नुसती सही करतो, यावर वसाहतीतल्या जपानी आणि भारतीय बायकांची मते वेगळी आहेत; मला तर आपला बीट हवालदार आठवतो. माझी पर्स बाजारात हरवली आणि तिच्यात पासपोर्ट होता, तेव्हा ठाण्यात जावेच लागले, कारण बँकॉकला सुखुमवित रस्त्याच्या २३ क्रमांकाच्या सोईत (म्हणजे गल्लीत) असलेल्या आपल्या दूतावासाला नव्या पासपोर्टसाठी पोलिसांचा दाखला लागतो. अंमलदाराला इंग्रजी येत नव्हते आणि मला तेव्हा थाई. मोबाइलवरच्या भाषांतराच्या आधारे त्याने सगळे टंकून घेतले, मध्येच उठून पेरूच्या फोडी मीठ-तिखट लावून समोर ठेवल्या आणि दाखला हातात दिला. पैशाचा विषय निघाला नाही. पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक मोबाइलमध्ये ठेवावा, तिथे इंग्रजी बोलणारे भेटतात. सर्वसाधारण पोलिसांचा क्रमांक १९१ आणि रुग्णवाहिकेचा १६६९ आहे.


उत्तर: निवृत्त वकील (टिळकवाडी, बेळगाव)

वरील दोघांचे अनुभव वाचनीय आहेत. मी केवळ कायद्याच्या अंगाने काही मुद्दे जोडतो. माझे दोन अशील थायलंडमध्ये नोकरीस होते, त्या निमित्ताने मला तिथल्या संहिता वाचाव्या लागल्या.

थाई दंडसंहितेच्या ११२ व्या कलमानुसार राजा, राणी, वारस किंवा राजप्रतिनिधी यांचा अवमान केल्यास प्रत्येक कृत्यासाठी ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे आणि अशी फिर्याद कोणीही नागरिक दाखल करू शकतो. प्रत्येक मजकुराची शिक्षा वेगळी मोजली जात असल्याने २०२४ च्या जानेवारीत अपील न्यायालयाने एका थाई तरुणाची शिक्षा ५० वर्षांपर्यंत वाढवली. त्याचे कृत्य समाजमाध्यमावरील मजकुरांचे होते. परदेशी असण्याने सूट मिळत नाही. चिआंग माईत राजाच्या चित्रांवर रंग फवारणाऱ्या एका स्विस नागरिकाला २००७ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली होती. पुढे त्याला राजाने माफी दिली आणि देशाबाहेर पाठवण्यात आले. या विषयावर गंमत म्हणूनसुद्धा काही लिहू नये, पुढे पाठवू नये, आणि त्यावर चाललेल्या वादात ‘पसंत’ची खूणही करू नये.

बदनामी तिथे फौजदारी गुन्हा आहे आणि प्रसिद्धीद्वारे केलेल्या बदनामीस दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडेही भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात दोन वर्षांचीच मर्यादा आहे, पण आपण हॉटेलबद्दल वाईट लिहिले म्हणून कोणी रातोरात पोलीस पाठवत नाही. २०२० मध्ये को चांग बेटावरील एका हॉटेलविषयी वाईट अभिप्राय लिहिणाऱ्या अमेरिकन शिक्षकाला अटक झाली आणि पुढे माफीनाम्यावर प्रकरण मिटले. घरमालकाशी किंवा कंपनीशी वाद झाला तर तो समाजमाध्यमावर मांडण्याची आपली सवय तिथे नेऊ नये.

अटकेबाबत: आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानुसार २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते, थायलंडमध्ये ही मुदत ठाण्यात आणल्यापासून ४८ तासांची आहे, आणि त्यानंतर न्यायालयाच्या परवानगीने कोठडी १२-१२ दिवसांनी वाढवता येते, गंभीर गुन्ह्यात एकूण ८४ दिवसांपर्यंत. थाई न समजणाऱ्यास दुभाषा देण्याची तरतूद त्यांच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३ व्या कलमात आहे. म्हणून न वाचता येणाऱ्या भाषेतल्या जबाबावर सही करू नये. हे सीमाभागातल्या माणसाला मी वेगळे सांगायला नको. लाच देणाऱ्यास तिथे दंडसंहितेच्या १४४ व्या कलमान्वये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्याकडे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीने देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली, हे अनेकांना ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते तेही देतात.

निपाणीकर म्हणतात तसा रस्त्यावरचा कायदा सैल आहे, परंतु तो सर्वांसाठी सारखा सैल नाही. २०१२ मध्ये रेड बुल उद्योगाच्या कुटुंबातील तरुणाच्या महागड्या गाडीखाली बँकॉकमध्ये एक पोलीस मरण पावला; तो तरुण देश सोडून गेला आणि २०२० मध्ये खटला मागे घेण्याचा निर्णय बाहेर येताच लोक संतापले. उलट २०२१ मध्ये नाखोन सावन येथील ठाणे प्रमुखाने संशयिताच्या तोंडावर प्लास्टिकच्या पिशव्या आवळून त्याचा जीव घेतल्याचे चित्रण प्रसिद्ध झाले, तेव्हा पुढच्याच वर्षी त्याला जन्मठेप झाली. या दोन प्रकरणांतला फरक चित्रणाचा होता की घराण्याचा, हे वाचकांनीच ठरवावे. आपल्याकडे याहून चांगले चालते असा दावा मी करणार नाही.

नोकरीच्या बाबतीत मात्र त्यांचा १९९८ चा कामगार संरक्षण कायदा समाधानकारक आहे आणि तो परदेशी कामगारालाही लागू होतो. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, जादा कामाला दीडपट दर, आणि मालकाने विनाकारण काढून टाकल्यास एका वर्षाच्या नोकरीनंतर ९० दिवसांचा व तीन वर्षांनंतर १८० दिवसांचा पगार. करारपत्राची इंग्रजी प्रत मागून घ्या आणि मतभेद झाल्यास कोणती प्रत ग्राह्य धरायची ते त्यात लिहिले आहे का पाहा.

शेवटी, ही कंपनी खरी आहे याची खात्री कारखान्याच्या पत्त्यावरून आणि तिथल्या कर्मचाऱ्याशी बोलून करून घ्यावी. थायलंडमधील नोकरीच्या नावाखाली तरुणांना माए सोत या सीमेवरच्या थाई गावामार्गे म्यानमारच्या हद्दीत नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले जाते. २०२५ च्या मार्चमध्ये भारत सरकारला हवाई दलाची विमाने पाठवून अशा ५०० हून अधिक भारतीयांना परत आणावे लागले. तुमचा प्रस्ताव तसा दिसत नाही, पण हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिले.


उत्तर: चिकोडीकर (फुकेत)

मला निपाणीकर यांचे वर्णन थोडे सौम्य वाटते. मी हॉटेल व्यवसायात आहे आणि बेटावरचे पोलीस व औद्योगिक पट्ट्यातले पोलीस यांत फरक आहे. इथे भाड्याच्या टॅक्सीवाल्यांचे गट आहेत, जेट-स्कीवर आधीचाच ओरखडा दाखवून हजारो बाट मागणारे आहेत, आणि अशा वेळी आलेला पोलीस तडजोड घडवतो ती बहुधा स्थानिकाच्या बाजूने. पर्यटकाला दोन दिवसांनी विमान पकडायचे असते, हे सर्वांना माहीत असते.

रंगाचाही मुद्दा आहे आणि युरोपीय लोकांच्या लिखाणात तो कधीच येत नाही. गोऱ्या पाहुण्याशी जो अधिकारी गोड बोलतो तोच विमानतळावर भारतीय तरुणाला बाजूला घेऊन रोख रक्कम दाखवायला सांगतो. २०२४ च्या जुलैत भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवसांचा प्रवेश दिला गेला, तरी ही तपासणी थांबलेली नाही. राष्ट्रीय उद्यानांत परदेशी माणसाला वेगळा दर असतो, खाओ याईला थाई नागरिकाला ४० बाट आणि आपल्याला ४००. आणि थाई लोकांचा दर पाटीवर थाई आकड्यांत लिहिलेला असतो, म्हणजे आपल्याला तो वाचताच येऊ नये. सीमाभागातल्या माणसाने पहिल्या आठवड्यात हे दहा आकडे शिकून घ्यावेत. वर्क परमिट दाखवल्यावर काही ठिकाणी थाई दर लावतात, पण ते खिडकीवरच्या माणसाच्या मर्जीवर.

गांजाबद्दलही सांगतो, कारण गावाकडून येणारे मित्र पहिला प्रश्न तोच विचारतात. ९ जून २०२२ ला तो अमली पदार्थांच्या यादीतून काढला गेला आणि गल्लोगल्ली दुकाने उघडली. २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट आली. दुकाने अजून दिसतात म्हणून पूर्वीसारखेच चालते असे समजू नये, आणि परतीच्या सामानात तर चुकूनही काही ठेवू नये. आपल्याकडचा कायदा विमानतळावर वाट पाहत असतो.


प्रश्नकर्ता: खानापूरकर (बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, कंपनीचा पत्ता आणि तिथे काम करणारा एक कोल्हापूरचा गृहस्थ असा दोन्हींचा पडताळा झाला आहे. ताई, तुमचे उत्तर पत्नीला वाचून दाखवले. पत्त्यांचा तिसरा जोड तिने लगेच कपाटात परत ठेवला. निपाणीकर साहेब, दोन शंका राहिल्या. सुरुवातीला कंपनीची गाडी चालवावी लागेल, तर आपला परवाना चालतो का? आणि निघण्याआधी इथूनच कोणते कागद करून आणावेत?


उत्तर: निपाणीकर (रायोंग)

बेळगावच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून आणा. १९४९ च्या जिनिव्हा करारात दोन्ही देश असल्याने तो इथे चालतो. मोटरसायकल चालवणार असाल तर त्यावर दुचाकीचा शिक्का असल्याची खात्री करा, कारण तो नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. मद्याची मर्यादा रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम आहे, पण ज्यांचा परवाना तात्पुरता असतो (नवा परवाना आधी तसाच मिळतो) त्यांना २० च. नवा थाई परवाना काढलात की तुम्ही त्या २० वाल्यांत येण्याची शक्यता धरून चाला. इथे बस्तान बसले की थाई परवाना काढाच. चिकोडीकर म्हणतात त्या उद्यानांच्या खिडकीवरही तो उपयोगी पडतो.

कागदांत पदवीचे प्रमाणपत्र, अनुभवाची पत्रे, विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला हे चार हवेतच. तुमचे शेवटचे दोन दाखले कन्नडमध्ये असतील तर त्यांचे इंग्रजी भाषांतर तिथेच साक्षांकित करून घ्या, परराष्ट्र मंत्रालयाची मोहोरही तिथेच उमटवून घ्या. इथे आल्यावर कन्नडचे भाषांतर करून देणारा माणूस शोधताना माझा बराच वेळ गेला. व्हिसाचा अर्ज १ जानेवारी २०२५ पासून ऑनलाइन झाला आहे, आणि १ मे २०२५ पासून देशात येण्याआधी डिजिटल आगमनपत्रही भरावे लागते. ते मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे बनावट समजावीत. तारीख ठरली की कळवा, ज्या वसाहतीत घर घ्याल तिथला मालक टीएम-३० भरतो की टाळाटाळ करतो एवढे मी आधी विचारून ठेवतो.